विश्लेषण : पांढऱ्या फळ्यावरचे व्हिडीओ बनतात कसे? संस्था त्यांच्याकडे का वळतात आणि ते फसतात कुठे?

बँकेची नवी सुविधा असो, शस्त्रक्रियेपूर्वीच्या सूचना असोत किंवा कंपनीतील नव्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, माहिती सांगण्याची एक रीत आता ओळखीची झाली आहे. पांढरा फळा, काळा मार्कर आणि चित्र काढणारा एक हात. निवेदन सुरू असते, हात भराभर रेघा ओढत जातो आणि दोन-तीन मिनिटांत विषय संपतो. पाहायला हा प्रकार सोपा वाटतो. पण त्यातील बहुतेक काम मार्कर उघडण्यापूर्वीच झालेले असते. ते नीट झाले नाही, तर सुबक चित्रही लोकांच्या पैशांविषयी किंवा आरोग्याविषयी चुकीची समजूत करून देऊ शकते. या व्हिडीओंमागचे तंत्र, त्यावरील संशोधन आणि त्यातील धोके समजून घेऊ या.

व्हाइटबोर्ड व्हिडीओ म्हणजे नेमके काय?

साध्या सादरीकरणात चित्र तयार अवस्थेत समोर येते. व्हाइटबोर्ड व्हिडीओत ते प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत रेघारेघांनी घडते. आधी निवेदन रेकॉर्ड केले जाते. मग चित्रकार फळ्यावर चित्र काढतो आणि स्थिर कॅमेरा ते सलग टिपतो. संकलनात या चित्रणाचा वेग वाढवून ते निवेदनाशी जुळवले जाते.

याचे काही उपप्रकार आहेत. काही जण खऱ्या फळ्याऐवजी टॅबलेटवर चित्र काढून पडद्याचेच रेकॉर्डिंग करतात. काही जण कागदाची कात्रणे फळ्यावर सरकवतात. तिसरा आणि आता सर्वात सहज दिसणारा प्रकार सॉफ्टवेअरचा. त्यात चित्रे तयार असतात आणि हाताचे एक छायाचित्र त्यांवरून फिरवले जाते.

ही पद्धत आली कुठून?

चित्र दाखवत गोष्ट सांगणे महाराष्ट्राला नवे नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी चित्रांच्या पोथीतून एकेक चित्र समोर धरत कथा सांगत आले आहेत. मात्र ती चित्रे आधीच रंगवलेली असतात. श्रोत्यांसमोर चित्र काढत बोलण्याचा प्रकार अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात ‘चॉक टॉक’ या नावाने रुळला. व्यंगचित्रकार फ्रँक बिअर्ड यांनी तो लोकप्रिय केला. पुढे जे. स्टुअर्ट ब्लॅक्टन यांनी १९०६ मध्ये ‘ह्युमरस फेजेस ऑफ फनी फेसेस’ हा लघुपट केला. त्यात काळ्या फळ्यावर खडूने काढलेले चेहरे हलू लागतात. सुरुवातीच्या ॲनिमेशनपटांत त्याची गणना होते.

संस्थांनी हे तंत्र आपल्या कामासाठी वापरण्याच्या दृष्टीने २००७ हे वर्ष महत्त्वाचे. अमेरिकेतील यूपीएस या कुरिअर कंपनीने त्या वर्षी टीव्हीवर जाहिरातमालिका आणली. तिच्यात एक माणूस व्हाइटबोर्डवर तपकिरी मार्करने चित्र काढत कंपनीच्या सेवा समजावून सांगत असे. तो माणूस म्हणजे जाहिरात संस्थेतील क्रिएटिव्ह डायरेक्टर अँडी अझुला. त्याच वर्षी सिएटलमधील ली आणि साची लेफिव्हर या दाम्पत्याच्या ‘कॉमन क्राफ्ट’ने आरएसएस हे इंटरनेटवरील तंत्र साध्या इंग्रजीत समजावणारा व्हिडीओ प्रसिद्ध केला. फळ्यावर कागदी कात्रणे, ती सरकवणारे हात आणि चार मिनिटांपेक्षा कमी वेळ, एवढेच त्याचे भांडवल होते. काही महिन्यांतच गुगलने आपल्या ‘गुगल डॉक्स’ची ओळख करून देणारा व्हिडीओ त्यांच्याकडून करून घेतला.

‘आरएसए ॲनिमेट’ने काय बदलले?

लंडनची रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्स, म्हणजेच आरएसए, ही १७५४ मध्ये स्थापन झालेली संस्था. तिच्याकडे नामवंतांच्या व्याख्यानांचा साठा होता. पण तासभराचे व्याख्यान इंटरनेटवर शेवटपर्यंत ऐकणारे थोडेच. आरएसएने २०१० मध्ये चित्रकार अँड्र्यू पार्क यांच्या ‘कॉग्निटिव्ह मीडिया’ या स्टुडिओसोबत व्याख्यानांचे निवडक भाग चित्रबद्ध करायला सुरुवात केली. ‘आरएसए ॲनिमेट’ ही ती मालिका.

त्यातील शिक्षणतज्ज्ञ केन रॉबिन्सन यांचा व्हिडीओ सर्वाधिक गाजलेल्यांपैकी एक. शिक्षणव्यवस्थेच्या साच्यावर टीका करणारे हे भाषण त्यांनी आरएसएमध्ये २००८ साली केले होते. व्हिडीओ आला २०१० मध्ये आणि त्याची लांबी बारा मिनिटांच्या आत होती. भाषणाचा मोठा भाग गाळला गेला आणि उरलेल्या भागासाठी एकच विस्तीर्ण चित्र रचले गेले. कॅमेरा त्या चित्राच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फिरतो आणि मागे येताच सगळे मुद्दे एकमेकांना कसे जोडलेले आहेत ते दिसते.

याच मालिकेत मार्क्सवादी भूगोलतज्ज्ञ डेव्हिड हार्वी यांनी भांडवलशाहीच्या संकटांवर केलेले विवेचन आहे आणि कामाच्या ठिकाणी माणसाला प्रेरणा कशातून मिळते, यावरील डॅन पिंक यांचे विवेचनही आहे. दोघांचा विषय वेगळा आणि दृष्टिकोनही वेगळा. पण व्हिडीओ पाहताना दोन्ही म्हणणी सारखीच पटत जातात. हे या माध्यमाचे बळ आहे आणि त्यातला धोकाही इथेच आहे.

हात दिसल्याने खरेच अधिक समजते का?

या प्रश्नावर प्रयोग झाले आहेत. लोगन फिओरेला आणि रिचर्ड मेयर या अमेरिकी संशोधकांनी २०१६ मध्ये चार प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. विषय होता भौतिकशास्त्रातील डॉप्लर परिणाम. काहींना तयार आकृत्या दाखवून स्पष्टीकरण ऐकवले, तर काहींना तेच स्पष्टीकरण ऐकवताना आकृत्या हाताने काढताना दाखवले. नंतर दोन्ही गटांची चाचणी घेतली. शिकलेले नव्या प्रश्नाला लावता येते का, हे पाहणारा भाग तिच्यात महत्त्वाचा होता.

पहिल्या प्रयोगात शिक्षक पूर्ण दिसत होता. तिथे विषयाची आधी फारशी माहिती नसलेल्यांना फायदा झाला. ज्यांना विषय आधीच माहीत होता, त्यांना झाला नाही. दुसऱ्या प्रयोगात फक्त हात दिसत होता आणि फायदा दोन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांना झाला. तिसऱ्या प्रयोगात हात लपवला आणि आकृती आपोआप उमटताना दाखवली. तेव्हा तयार आकृतीच्या तुलनेत लक्षणीय फरक दिसला नाही. चौथ्यात पूर्ण शिक्षकापेक्षा नुसता हात दाखवणे किंचित सरस ठरले.

याचे एक सरळ स्पष्टीकरण असे की, हात नजरेला वाट दाखवतो. बोलणे ज्या भागाविषयी चालले आहे, तोच भाग त्या क्षणी कागदावर येत असतो. तयार आकृतीत आधी कुठे पाहायचे हे प्रेक्षकाला स्वतः शोधावे लागते. म्हणूनच रेघ आणि शब्द एकाच वेळी येणे ही या माध्यमाची पहिली अट आहे. शब्द पुढे गेला आणि चित्र मागे राहिले, तर हात असूनही उपयोग नाही.

काम सुरू कुठून होते?

अनेक संस्था आधी चित्रकार शोधतात आणि त्याच्या हाती माहितीपत्रक देतात. खरे काम संहितेपासून सुरू होते. त्यातला पहिला प्रश्न असतो, पाहणाऱ्याला शेवटी नेमकी कोणती एक गोष्ट कळली पाहिजे?

टोरोंटोतील डॉक्टर माइक इव्हान्स यांचा २०११ मधील व्हिडीओ या बाबतीत पाहण्यासारखा आहे. विषय होता व्यायामाचे फायदे. त्यात संशोधनाचे अनेक दाखले आहेत, पण नाव आहे ‘ट्वेंटी थ्री अँड अ हाफ अवर्स’. दिवसातील बसणे आणि झोपणे साडेतेवीस तासांत आटोपा, उरलेला अर्धा तास शरीर हलवा, हा त्याचा गाभा. बाकीचे दाखले विसरले तरी हा अर्धा तास लक्षात राहतो.

दुसरा प्रश्न लांबीचा. इंग्रजी निवेदनासाठी मिनिटाला साधारण १३० ते १५० शब्द असा ढोबळ हिशेब धरतात. तो मराठीला जसाच्या तसा लावता येत नाही, कारण मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘बँकेच्या शाखांमध्ये’ हे आपले दोन शब्द इंग्रजीत सहा होतात. त्यामुळे मराठीत शब्दसंख्या कमी धरावी लागते. संहिता मोठ्याने वाचून घड्याळ लावणे हाच खात्रीचा उपाय.

यानंतर स्टोरीबोर्ड. कागदाच्या डाव्या बाजूला वाक्य, उजव्या बाजूला त्या वाक्याचे कच्चे चित्र. ज्या वाक्यासमोर काढण्यासारखे काही सुचत नाही, ते वाक्य बहुधा नीट विचार करून लिहिलेले नसते. ‘ग्राहककेंद्री सेवेसाठी आम्ही कटिबद्ध आहोत’ याचे चित्र निघत नाही. ‘अर्ज दिल्यावर पावती मागून घ्या’ याचे निघते.

ठेव विम्याचे उदाहरण

एखाद्या नागरी सहकारी बँकेला ठेव विम्याविषयी खातेदारांना समजावायचे आहे, असे धरू. महाराष्ट्रात हा विषय जिव्हाळ्याचा. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला केवळ १ हजार रुपये काढण्याची मुभा होती. त्या वेळी ठेव विम्याची मर्यादा १ लाख रुपये होती. ती ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाली.

नियम असा आहे : एका ठेवीदाराच्या एकाच बँकेतील, सर्व शाखांमधील, एकाच नात्याने ठेवलेल्या सर्व ठेवी एकत्र धरल्या जातात आणि मुद्दल व व्याज मिळून जास्तीत जास्त ५ लाख रुपयांपर्यंत विमा मिळतो. विमा देणारी संस्था रिझर्व्ह बँकेच्या मालकीची ठेव विमा आणि पत हमी महामंडळ. हप्ता बँक भरते, ठेवीदाराला वेगळे काही द्यावे लागत नाही.

हे एक वाक्य ऐकून फारसे हाती लागत नाही. ते चित्रांत कसे मांडता येईल?

पहिले चित्र : एक ठेवीदार बाई, हातात दोन पावत्या. एकीवर ४ लाख, दुसरीवर २ लाख. दोन्ही एकाच बँकेच्या, शाखा वेगळ्या.

दुसरे चित्र : दोन्ही शाखांमधून निघालेल्या रेघा एकाच टोपलीत येतात. टोपलीवर आकडा, ६ लाख.

तिसरे चित्र : टोपलीवर छत्री. छत्रीखाली ५ लाख, बाहेर उरलेले १ लाख.

चौथे चित्र : शेजारी दुसरी टोपली. तिच्यावर पती-पत्नीच्या संयुक्त ठेवीची पावती. तिला वेगळी छत्री, कारण संयुक्त ठेव वेगळ्या नात्याने ठेवलेली असते.

पाचवे चित्र : छत्रीचा दांडा धरणारा हात बँकेचा नसून महामंडळाचा आहे, हे दाखवणारी पाटी.

पाच चित्रे आणि मिनिट-दीड मिनिटाचे निवेदन. यात व्याजाचा तपशील घालायचा की नाही, हा खरा संपादकीय निर्णय. ठेव ४ लाख ८० हजार आणि तिच्यावर साठलेले व्याज ४० हजार असेल, तर एकूण ५ लाख २० हजार होतात आणि वरचे २० हजार छत्रीबाहेर जातात. व्याज वेगळे धरले जाते असा समज असणाऱ्यांसाठी हे चित्र आवश्यक आहे. बँकेच्या स्थापनेचे वर्ष, अध्यक्षांचे छायाचित्र आणि शाखांची संख्या मात्र गाळता येते. चित्रकाराशी मानधनाची बोलणी करण्यापेक्षा संचालक मंडळाला हे पटवणे अनेकदा अवघड जाते.

कॅमेरा, प्रकाश आणि वेगाचे गणित

चित्रणासाठी महागडी साधने लागतातच असे नाही. चांगला मोबाइल आणि पक्का ट्रायपॉड चालतो. मात्र काही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

एक, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करणे. ते ऑटोवर राहिले, तर हात चौकटीत येताच कॅमेरा प्रकाशाचा हिशेब बदलतो आणि पांढरा फळा क्षणात करडा, क्षणात पांढरा दिसू लागतो.

दोन, चकाकी टाळणे. फळा गुळगुळीत असल्याने समोरचा दिवा त्यात आरशासारखा दिसतो. दिवे दोन्ही बाजूंनी, साधारण ४५ अंशांतून लावले, तर चकाकी टळते आणि हाताची गडद सावलीही पडत नाही.

तीन, दिव्यांची लुकलुक. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. त्यामुळे दिव्याचा प्रकाश सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होऊ शकतो. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला, तर चित्रणात पट्टे दिसत नाहीत.

चार, वेग. एक चित्र काढायला दीड मिनिट लागले आणि त्याचे वाक्य १० सेकंदांचे असेल, तर चित्रण नऊपट वेगाने चालवावे लागते. शेजारच्या चित्राला दुप्पट वेग आणि याला नऊपट, असे झाले की हात मध्येच रांगतो, मध्येच झटके देतो. म्हणून कोणत्या वाक्याला किती रेघांचे चित्र द्यायचे, हे स्टोरीबोर्डवरच ठरवतात. गुंतागुंतीचे चित्र छोट्या वाक्याला दिले, तर तो घोळ संकलनात निस्तरता येत नाही.

उजव्या हाताने काढणारा चित्रकार शक्यतो डावीकडून उजवीकडे जातो, म्हणजे काढलेला भाग हाताखाली झाकला जात नाही. चूक झालीच, तर तेवढा भाग पुसून पुन्हा काढतात आणि पुसण्याचे दृश्य कापतात.

सॉफ्टवेअरचा हात आणि मराठी अक्षरे

ब्रिस्टलमधील स्पार्कोल कंपनीच्या ‘व्हिडीओस्क्राइब’सारख्या सॉफ्टवेअरमुळे चित्र काढता न येणाऱ्यांनाही असे व्हिडीओ करता येऊ लागले. त्यामागील युक्ती सोपी आहे. चित्र रेघांच्या फाइलच्या रूपात साठवलेले असते. प्रत्येक रेघ सुरुवातीपासून शेवटापर्यंत हळूहळू उघड केली जाते आणि तिच्या टोकावर हाताचे छायाचित्र ठेवून ते पुढे सरकवले जाते.

फिओरेला आणि मेयर यांच्या प्रयोगातला हात खरा होता. तयार छायाचित्र फिरवल्याने तेवढाच फायदा होतो, असे त्या प्रयोगावरून म्हणता येत नाही.

मराठीत आणखी एक अडचण येते. आपण आधी अक्षरे लिहितो आणि मग वर शिरोरेघ देतो. संगणकातील फाँट मात्र अक्षराची बाह्यरेषा साठवतो. त्यामुळे सॉफ्टवेअरचा हात अनेकदा अक्षराच्या कडेने फिरतो आणि लिहिण्याचा आपला क्रम मोडतो. जोडाक्षरांची नीट सोय नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ‘शस्त्रक्रिया’सारखा शब्द पाय मोडून उभा राहतो. फळ्यावरचे शब्द मोजके ठेवून ते खऱ्या हाताने लिहिलेले चित्रण जोडणे, हा यावरचा साधा मार्ग.

व्हिडीओ फसतो कुठे?

पहिली चूक, फळ्यावर निवेदनाचे पूर्ण वाक्य लिहिणे. तेच शब्द ऐकायचे आणि तेच वाचायचे, यात चित्राकडे लक्ष राहत नाही. मेयर यांनी मांडलेल्या तत्त्वांत ही अनावश्यक पुनरुक्ती मानली जाते. ऐकू न येणाऱ्यांसाठी आणि आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांसाठी शीर्षके हवीतच. पण ती हवी तेव्हा सुरू-बंद करता येतील अशी, चित्रापासून वेगळी असावीत.

दुसरी चूक, तयार चिन्हांची भरती. कल्पना म्हटले की दिवा, भागीदारी म्हटले की हस्तांदोलन, शेतकरी म्हटले की धोतर-पागोटे. अशा चित्रांनी पडदा भरतो, अर्थात भर पडत नाही. मोबाइलवर बाजारभाव पाहणाऱ्या शेतकरी महिलेला त्या धोतर-पागोट्यात स्वतःची ओळख पटत नाही.

तिसरी चूक, बदलत्या आकड्यांचा विचार न करणे. ठेव विम्याचा व्हिडीओ २०१९ मध्ये काढला असता, तर फेब्रुवारी २०२० मध्ये तो एका दिवसात चुकीचा ठरला असता. टोपली, छत्री आणि आकडा एकाच सलग चित्रणात असतील, तर सगळे पुन्हा काढावे लागते. म्हणून मर्यादा, मुदत आणि दर यांचे चित्रण सुटे ठेवतात आणि नियम कोणत्या तारखेचा आहे, हे व्हिडीओतच लिहितात.

चौथी चूक सर्वात गंभीर. छत्री काढणे सोपे असते, पण तिची कड कुठे संपते हे दाखवायला संस्था राजी नसतात. ‘आपली ठेव सुरक्षित’ म्हणत सगळ्या पावत्यांवर एक मोठी छत्री काढली, तर चित्र सुंदर दिसते आणि ५ लाखांची मर्यादा शेवटच्या पाटीवर बारीक अक्षरांत जाते. प्रेक्षकाच्या मनात मात्र छत्रीच राहते. पतसंस्थांच्या बाबतीत तर ही छत्री काढताच येत नाही. या विम्याचे संरक्षण बँकांना, त्यातही सहकारी बँकांना आहे. पतसंस्थांमधील ठेवी त्यात येत नाहीत. बँक आणि पतसंस्था यांतला फरक न कळल्याने आयुष्यभराची पुंजी कोणत्या विश्वासावर ठेवली जाते, हा प्रश्न त्या एका रेघेशी जोडलेला आहे.

संस्थेने काय तपासावे?

व्हिडीओ प्रसिद्ध करण्याआधी त्याच्या तीन तपासण्या करता येतात. पहिली, डोळे मिटून नुसते निवेदन ऐकणे. ‘हे इथे असे जाते’ अशी वाक्ये आली, तर दृष्टिहीन श्रोत्याला काहीच कळणार नाही. दुसरी, आवाज बंद करून पाहणे. चित्रांचा क्रम तेवढ्यानेही उलगडला पाहिजे. तिसरी, विषयाशी संबंध नसलेल्या चार-पाच जणांना व्हिडीओ दाखवणे. त्यांना ‘आवडला का’ असे विचारून काही कळत नाही, कारण हात चित्र काढताना पाहायला सगळ्यांनाच आवडते. त्यांना व्हिडीओतले एखादे गणित घालावे.

ठेव विम्याच्या उदाहरणात तो प्रश्न सरळ आहे : एकाच बँकेच्या दोन शाखांमध्ये एकाच व्यक्तीच्या नावावर ४ आणि २ लाख आहेत, बँक बुडाली तर विम्यातून जास्तीत जास्त किती मिळतील? उत्तर ‘सहा’ आले, तर तिसरे चित्र पुन्हा काढावे लागेल.